युरियाची गोणी आणि माझं डोकं

काल सकाळी बाथरूमच्या जाळीत युरियाची गोणी सापडली. रिकामी, घडी घालून, चारही कोपरे बोटानं दाबून बसवलेली. इतकं नीट काम त्या माणसानं आयुष्यात दुसरं केलं नसेल.

माणूस म्हणजे आमचे साळेबुवा. तुरी सोंगायच्या दिवसांत पाहुणचाराला आलेले. "भाऊजी, त्या भोकातून झोंबरं वारं येते हो, म्हणून बंद केलं." भोक! ती जाळी आहे बाप्पा! आत गॅस गिझर आहे, त्याला जळायला हवा लागते, आणि ती तुमच्या त्या 'भोका'तूनच येते!

आधी पोरगी आंघोळीला गेली होती. बाहेर आली ती भिंत धरून. "बाबा, डोकं गरगरते. मळमळते." मी तसाच टॉवेलवर धावलो. गिझर अजून चालूच. पुढच्या भिंगातून पाहतो तर निळी ज्योत कुठंच नाही, समईसारख्या पिवळ्या जिभा नुसत्या. पोरीला अंगणात बाजेवर बसवलं, पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला, तरी दवाखान्यात नेऊन आणलंच. आणि साळेबुवा काय म्हणतात? "पण गॅसचा वास तर नव्हता येत."

येणारच नाही ना! वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, तोही कंपनीनं मुद्दाम घातलेला. अर्धवट जळल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला ना वास, ना रंग. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तो जाऊन बसतो आणि लग्नातल्या पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. हे मी साळेबुवांना टॉवेलवर उभं राहून सांगितलं. कुंपणापलीकडून अर्धं वेटाळ ऐकत होतं.

मग हिशेब सांगितला, कारण मला राग आला की हिशेब सुचतो. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट. म्हणजे सगळी मिळून साडेपाच घनमीटर. गिझर पूर्ण सोडला तर तासाला किलोभर गॅस खातो. लाव म्हटलं गणित! ऑक्सिजन संपायची वाटही पाहावी लागत नाही, थोडा कमी झाला की ज्योत बिघडलीच. साळेबुवांनी मान हलवली आणि विचारलं, "मग चहा कधी होते?"

पण खरा गुन्हेगार तो तालुक्याचा फिटर. त्याला तीनदा सांगितलं होतं, गिझर बाहेर टिनाच्या शेडखाली लाव, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आण. "काही नाही होत भाऊ, साऱ्यांच्या इथं आतच हाय." साऱ्यांच्या इथं! हे वाक्य ज्यानं काढलं त्याला खारं पाणी पाजलं पाहिजे. आमच्या बोअरचं पाजा, दुसरं कशाला? त्याच पाण्यानं वर्षभरात गिझरच्या नळीत क्षार धरलेत. गिझर पेटवणारे सेल तर डिसेंबरच्या ऐन थंडीत, तोंडाला साबण लावल्यावरच संपतात. आणि तो पेंटर! त्यानं दिवाळीत जाळीवर असा हात मारला की अर्धी छिद्रं ऑइलपेंटनं बुजली. वरून म्हणे, "कलर तर मस्त बसला ना?"

इतकं सगळं माझं बोलून झाल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, "अहो, दाराखाली रबराची पट्टी कोणी ठोकली होती?"

मी.

पावसाळ्यात बेडूक येतात म्हणून. खालून हवा आत यावी, वरच्या जाळीतून जळकी हवा बाहेर जावी, एवढी साधी गोष्ट. त्यातला खालचा रस्ता मी स्वतः आठ खिळे मारून बंद केलेला. वर एक्झॉस्ट फॅनही लावला, त्याचं गावभर कौतुक केलं. आत यायला हवाच नाही तर तो बिचारा बाहेर काय फेकणार? मागच्या हिवाळ्यात आंघोळीनंतर डोकं दुखायचं, ते मी पित्तावर ढकललं होतं. दोन महिने आल्याचा रस प्यालो.

पट्टी काढायला पक्कड सापडेना, मग विळ्यानं उचकटली. हात कापला. साळेबुवा बाजूला उभे राहून टॉर्च दाखवत होते, सकाळच्या नऊ वाजता.

फिटर म्हणतो, सोमवारी येतो. कोणता सोमवार ते नाही सांगितलं. तोवर गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला आणि अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर हंडा चढवला. धुरानं डोळे चुरचुरतात, पण निदान धूर दिसतो तरी. साळेबुवा खूश आहेत. आज दोन बादल्या घेतल्या, आणि चूल पेटवायला ती युरियाची गोणीच घालत होते. हातातून हिसकावली.

आता ती माझ्या खाटेखाली आहे. फिटरला दाखवायची आहे.