बाबांनी कानातली मशीनं काढून ठेवली, त्या मेसेजला उत्तर

रविवारी मुलुंडला गेले तेव्हा माझ्याशी बोलताना बाबा सारखे कानामागे हात धरत होते. "मशीन कुठाय?" विचारलं तर आईनं फ्रीजवरच्या निळ्या डबीकडे बोट दाखवलं. दोन्ही मशीनं डबीत, बॅटऱ्या काढलेल्या, अकरा दिवस झालेले. टीव्हीशेजारी साडेअठरा हजारांची चांदीची यूएसबी केबल. दोन्हीचं कारण एकच, ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला एक मेसेज.

मेसेज लांबलचक आहे. त्यातले दावे असे. डिजिटल आवाज सेकंदाला 44,100 वेळा कापलेला असतो. मधल्या फटी भरता भरता मेंदू थकतो, कानाच्या नसा सुकतात आणि बहिरेपण वाढतं. म्हणून सीडी, मोबाइल आणि कानातली डिजिटल मशीनं टाळा. ऐकायचंच असेल तर 24 बिट 192 किलोहर्ट्झच्या फाइली घ्या, शुद्ध चांदीची केबल लावा, आणि सर्वांत उत्तम म्हणजे जुन्या रेकॉर्ड ऐका. शेवटी नेहमीप्रमाणे "नासानेही हे मान्य केले आहे".

अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत गेली सोळा वर्षं मी आवाजाचंच काम करते. असे मेसेज रोज येतात आणि मी सोडून देते. हा सोडणार नाही.

आधी मशीनचं बोलू, कारण बाकी सगळं पैशांचं नुकसान आहे, हे माणसाचं आहे.

डिजिटल आवाजानं नसा सुकतात हे साफ खोटं आहे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. वय, फार मोठा आवाज, काही औषधं, काही आजार यांनी त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाज फाइलमधून आला की तबकडीवरून, हे त्या पेशींना कळायला मार्गच नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त थरथर. मशीनमध्ये आवाजाचे आकडे होतात हे खरं, पण बाहेर पडताना त्यांची पुन्हा सलग लहर होते आणि तीच कानाच्या पडद्यावर आदळते.

बरं, तुटक गोष्टींनी मेंदू थकतो म्हणावं, तर कानाची नस मेंदूला सलग लहर कधी पाठवतच नाही. ती पाठवते छोटे छोटे विजेचे ठोके, एकेक वेगळा. बासरी असो, कोकिळा असो, आईची हाक असो, जन्मापासून प्रत्येक आवाज मेंदूनं असाच घेतला आहे.

आता मशीन काढल्यानं काय झालं ते ऐका. भाजीवाला म्हणाला "साठ", बाबांना ऐकू आलं "आठ". त्यांनी दहाची नोट पुढे केली, तो चिडला, आजूबाजूचे बघायला लागले. तेव्हापासून बाबा भाजीला जात नाहीत. हे मला त्यांनी नाही, आईनं सांगितलं. साठ आणि आठ यांत फरक एका "स"चा. "स"ची सगळी सळसळ उंच कंप्रतांत, म्हणजे वेगानं थरथरणाऱ्या बारीक सुरांत असते आणि म्हातारपणी आधी जातात त्या तिथल्याच पेशी. डिजिटल मशीन नेमकी तीच उणीव भरून काढतं. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, जिथे खड्डा आहे तिथेच आवाज वाढवतं, बाकीचा तसाच ठेवतं. खिशातल्या डबीचं जुनं मशीन भांड्यांचा खणखणाट आणि नातवाचं बोलणं सरसकट मोठं करायचं. म्हणजे मेसेज ज्या गुणाला विष म्हणतो, त्याच गुणामुळे बाबांना "स" ऐकू येतो.

कानाला इजा खरोखर कशानं होते तेही सांगते. मोठ्या आवाजानं, आणि तो किती वेळ ऐकला त्यानं. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशेब आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास असा आहे. 90 डेसिबलवर गेलात की तेच प्रमाण आठवड्याला चार तासांवर येतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नका असं सांगणारा एक तरी मेसेज त्या ग्रुपवर आला असता, तर मी आभार मानले असते.

आता त्या "फटी". सीडीवर सेकंदाला 44,100 नोंदी असतात हे बरोबर. पुढचं सगळं चूक. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके तेच, पण जोडणाऱ्याच्या हातावर कधी कमळ होतं, कधी कासव. आवाजाच्या ठिपक्यांचं तसं नसतं. नोंदींच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा उंच कंप्रता आवाजात नसेल, तर त्या ठिपक्यांतून एकच लहर जाऊ शकते, दुसरी नाहीच. अमेरिकन गणिती क्लॉड शॅननच्या 1949च्या निबंधात याची गणिती सिद्धता आहे. 44,100चं निम्मं 22,050 आणि माणसाचा कान तरुणपणी 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, पोचतो. म्हणजे फट नाहीच, मेंदूनं भरायला काही उरलेलंच नसतं.

गणितावर विश्वास नसेल तर डोळ्यांवर ठेवा. मंगळवारी स्टुडिओतला जुना, हिरव्या पडद्याचा ऑसिलोस्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, काढला आणि सीडीच्या दर्जाचा 10,000 हर्ट्झचा सूर त्यात सोडला. एका लहरीला जेमतेम चार-साडेचार ठिपके. मेसेजमधल्या चित्रानुसार पडद्यावर किल्ल्याच्या तटासारखे दाते दिसायला हवेत. दिसली ती गुळगुळीत, गोल लाट. फोटो काढून बाबांना पाठवलाय.

24 बिट आणि 192 किलोहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक नोंद जास्त बारीक आणि सेकंदाला 1,92,000 नोंदी, याबद्दल एकच दाखला देते, तो पुरेसा आहे. 2007 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा प्रयोग छापून आला. उच्च दर्जाच्या डिस्कमधून येणारा आवाज एकदा थेट ऐकवायचा, एकदा मध्ये सीडीच्या दर्जाच्या 16 बिट 44.1 किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले लोकही होते आणि हौशी कानसेनही. 554 वेळा विचारलं, 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून हेच होतं. फरक कळला तो संगीत नसताना आवाज प्रचंड वाढवल्यावर, चाळणीची खरखर ऐकू आली तेव्हा. मान्य करायचं तर एवढं करते, की 2016 साली जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांची बेरीज मांडली तेव्हा बरोबर उत्तरं 52 टक्क्यांच्या जरा वर निघाली, आणि खास सराव दिलेल्या ऐकणाऱ्यांची 60च्या आसपास. म्हणजे फरक शून्य नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या, "स" हरवलेल्या माणसाला त्यासाठी महागडी वर्गणी भरायला लावायची?

शिवाय खोली कुठली तेही बघा. 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचं अंतर मावतं. आमची खिडकी एलबीएस मार्गाकडे उघडते, डोक्यावर पंखा फिरत असतो. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादाच 45 डेसिबल आहे. त्यावर 96 चढवा, 141 होतात. कान फुटायची वेळ येते. 24 बिट आम्हाला रेकॉर्डिंग करताना लागतात, चुकून पातळी कमी राहिली तर सांभाळून घेता येतं म्हणून. ऐकणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही.

केबलीची परीक्षा तिथेच, बैठकीत घेतली. मध्ये चादर लावली, बाबांना मशीनं घालायला लावली. चांदीची केबल आणि प्रिंटरची जुनी केबल मी आलटून पालटून लावत होते, कोणती कधी ते आई नाणं उडवून सांगायची. वीस फेऱ्या. शेजारचे काका उत्तरं कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहीत होते. नऊ बरोबर. बाबा गप्प बसले आणि मला वाईट वाटलं, कारण फसवलं गेलेल्या माणसाला आपलीच चूक झाली असं वाटतं. चूक त्यांची नाही. यूएसबी केबल आकडे नेते. आकडे पोचले तर पोचले, नाही तर टकटक होते, आवाज तुटतो. आकडे पोचवून त्यातला गोडवा तेवढा गाळणारी केबल अस्तित्वात नाही. दुकानदार म्हणाला उघडलेलं पाकीट परत घेत नाही.

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूं होते, ही अनेकांची तक्रार मात्र खरी आहे. ती चांदीनं जात नाही. बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो, कधी हलक्या साउंड कार्डाचा. लॅमिंग्टन रोडला दोन-तीन हजारांत मिळणारा साधा डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी, घरच्या ऐकण्याला भरपूर झाला. एमपी3 वाईट वाजतात हेही अर्धं खरं आहे. वीस वर्षांपूर्वी उतरवलेल्या 128 केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, फाइलींत तानपुऱ्याची जवारी पाण्याखालून आल्यासारखी वाटते, टाळांचा किणकिणाट फिसकटतो. त्या फेकून द्या. 320च्या फाइली ठेवल्यात तर काही बिघडत नाही.

रेकॉर्डमध्ये "अखंड लहर" असते म्हणे. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून कापलेल्या महागड्या रेकॉर्डसाठी नावाजलेली. 2022 साली बाहेर आलं की त्यातल्या कितीतरी रेकॉर्ड कापण्याआधी मधल्या एका टप्प्यावर डिजिटल केलेल्या होत्या, आणि हे 2011पासून चालू होतं. ज्यांचा आपल्या कानांवर पूर्ण भरवसा होता अशा शौकिनांच्या घरात त्या रेकॉर्ड वर्षानुवर्षं वाजत होत्या. काही जुन्या रेकॉर्ड त्याच गाण्याच्या नव्या सीडीपेक्षा खरंच छान वाजतात, हे मी नाकारत नाही. नव्या आवृत्तीत सगळा आवाज दाबून एकसारखा मोठा केलेला असतो, म्हणून तसं होतं. तो दोष ते करणाऱ्या माणसाचा, डिजिटलचा नव्हे.

आणि नासा. 1977 साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर तबकडी गेली हे खरं, आणि तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. अंगावर काटा येतो. पण डिजिटल नाकारून तबकडी निवडली असं नाही, तेव्हा सीडी बाजारात यायला पाच वर्षं होती. आणि त्याच यानांनी गुरूची आणि शनीची छायाचित्रं पृथ्वीवर पाठवली ती आकड्यांत. डिजिटल.

निघण्याआधी दोन कामं केली. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले स्पीकर बाहेर काढून भिंतीपासून दीड हात पुढे, कानाच्या उंचीला ठेवले आणि समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला. तबल्याचा डग्गा घुमायचा थांबला, तेवढ्यानंच. आणि 312 नंबरच्या, तपकिरी स्टिकरच्या बॅटऱ्यांची दोन पाकिटं फ्रीजवर ठेवली. बाबा, स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बॅटरी आत घाला, तिला हवा लागते. आणि हे सगळं तुमच्या ग्रुपवर टाका. अजून कुणाकुणाची मशीनं डबीत गेली असतील, त्यांच्या घरच्यांनी आजच बघावं.