एकमेव प्रिंटची निगा, कोकणी पद्धतीने

विलायतेतल्या साठच्या दशकातल्या टीव्ही नाटकाची १६ मिमी प्रिंट चोरबाजारात हाती लागली? अभिनंदन. तेव्हा व्हिडिओ टेप महाग, म्हणून बीबीसीसुद्धा टेप पुसून पुन्हा वापरायची. परदेशी विकायला मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून ज्या प्रती काढल्या, त्यांतल्याच काही उरल्या. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातून परत आले, ते असेच. म्हणजे तुमची प्रत जगात एकटी असू शकते. म्हणून कोणाला सांगू नका. कोणीतरी स्कॅन करू या म्हणेल, आणि स्कॅन झाल्यावर 'आमच्याकडेच आहे' म्हणण्यात काय मजा?

ठेवायला माळा उत्तम, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांशेजारी. कौलांखाली मेमध्ये भाजून निघते, जूनपासून ओल धरते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली तर ॲसिटेट फिल्मला, म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकच्या फिल्मला, कुजल्याची खूण म्हणून व्हिनेगरचा वास यायला चाळीसेक वर्षं लागतात. एवढी वाट कोण बघणार? डबा पत्र्याचा, गंजलेला आणि घट्ट बंद हवा. सुटलेलं ॲसिटिक ॲसिड आत कोंडलं की तेच पुढची नासाडी वाढवतं, गंज हातभार लावतो. हवा खेळणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे, ॲसिड शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हच्या पुड्या, ॲसिड असलं की निळ्याच्या पिवळ्या होणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या, हे सगळं शंकेखोरांसाठी. आपल्याकडे आमसुलं आणि लोणच्याच्या बरण्या असतातच. त्यात एक आंबट वास सहज खपतो.

श्रावणापर्यंत रिळावर पांढरी बुरशी येईल. आता खरी कामगिरी. ओलं फडकं घ्या आणि पुसा. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे बुरशीबरोबर चित्रही फडक्यावर उतरतं. बुरशी कडेकडून आत शिरते, म्हणून आधी कोपऱ्यातला नोकर जातो, मधोमध उभी नायिका शेवटी. आधी कोरड्या हवेत सुकू द्यावं, मग उघड्यावर, मखमलीच्या तुकड्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावं, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना वेळ बराच असतो.

गणपतीला चाकरमानी आले की प्रोजेक्टर काढा. फिल्म आटली का ते मोजू नका. चांगल्या प्रिंटमध्ये १०० फ्रेमची लांबी ७६२ मिमी भरते. ७५४ भरली तर एक टक्का आटली, आणि मग प्रोजेक्टरचा क्लॉ, म्हणजे फिल्म पुढे ओढणारा आकडा, कडेच्या छिद्रात बसण्याऐवजी छिद्र फाडत जातो. २५ मिनिटांचा भाग, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुमारे ९४० फूट. फ्रेममागे एक छिद्र धरलं तर फाटायला ३७,५०० जागा. कार्यक्रम रंगतो.

तुटली की सेलोटेप लावा. उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. स्प्लायसर, म्हणजे फिल्म जोडायचं यंत्र, आणि फिल्मची खास टेप वापरली तर जोड बेमालूम होतो, मग आपली मेहनत दिसणार कशी?

फ्रीजचं नाव नको. दोन झिपच्या पिशव्यांत बांधून गारठ्यात ठेवलेली फिल्म कैक वर्षं जास्त टिकते. ठेवलीच असेल, तर बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडा. दिवसभर थांबलात तर आत पाणी सुटायचं नाही.

डब्यावर नावही लिहू नका. पुढची पिढी झाकण उघडून नाक मुरडेल आणि भंगारवाल्याला हाक मारेल. पत्र्याचा भाव तरी येईल; फिल्मचं वजन तो धरत नाही.