‘साधंच वादळ आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एखाद्या बेटाच्या दिशेनं वादळ निघालं की एक ठरावीक मेसेज फोनाफोनांवर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. हे हरिकेन नाही, साधं उष्णकटिबंधीय वादळ आहे. त्याचं केंद्र बेटाच्या बाजूनं निघून जाणार आहे. बेटाला चहूबाजूंनी समुद्र, मग पाणी तुंबणार कुठे? पाऊस थांबला की विषय संपला. आणि शेवटी ‘घाबरू नका, पुढे पाठवा’. घाबरू नका, इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही. बाकीचं मात्र एकेक करून बघायला हवं.

‘हे हरिकेन नाही.’ बरोबर. सतत वाहणारा वारा ताशी ६३ ते ११८ किलोमीटर असेल तर ते उष्णकटिबंधीय वादळ, ११९ पासून पुढे हरिकेन, आणि मग त्याच्या १ ते ५ श्रेणी. पण ही सगळी वर्गवारी वाऱ्याची आहे. पाऊस किती पडणार याचा त्यात कुठेही पत्ता नाही. पत्रे उडतील का, याचा अंदाज श्रेणीवरून बांधता येतो. नदी गावात शिरेल का, याचा येत नाही. २०१५ च्या ऑगस्टमधलं एरिका घ्या. हे वादळ शेवटपर्यंत हरिकेन झालंच नाही. कॅरिबियनमधल्या डोमिनिकावर त्यानं १२ तासांच्या आसपास ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला. सुमारे ३० माणसं गेली, आणि नुकसानीचा आकडा देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या घरात पोचला. दरडींनी पोखरलेलं पेटीट सवान हे गाव अख्खं हलवावं लागलं. वारा मात्र ‘साधाच’ होता.

याच मुद्द्याला एक पोटमुद्दा चिकटलेला असतो: ‘वादळ मंदावलंय.’ हे वाचून लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण मंदावलं म्हणजे काय, हे आधी विचारायला हवं. वाऱ्याचा जोर कमी झाला, की वादळाची पुढे सरकण्याची गती कमी झाली? दुसरं असेल तर ती वाईट बातमी आहे, कारण तेच ढग त्याच डोंगरावर जास्त वेळ रिकामे होत राहणार.

‘केंद्र बाजूनं जाणार.’ वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो शंकूसारखा पट्टा काढलेला असतो, त्यामुळे हा गैरसमज पक्का होतो. तो शंकू केंद्र कुठून जाईल याची शक्यता दाखवतो. वादळाचा पसारा दाखवत नाही. पावसाचे पट्टे केंद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असू शकतात, आणि वरच्या हवेतल्या वाऱ्यानं वादळ एका अंगाला कललं की मुख्य पाऊस केंद्र सोडून भलतीकडेच पडतो. २००४ मध्ये जीन वादळाचं केंद्र हैतीच्या उत्तरेकडून गेलं; तरी एकट्या गोनाईव्ह परिसरात पुरानं आणि चिखलानं हजारो बळी घेतले. हिंदी महासागरातल्या रेयुनियनवर २००७ साली गामेद चक्रीवादळाचं केंद्र आलंच नव्हतं. तरी तिथल्या डोंगरमाथ्यावर कोमेर्सों या ठिकाणी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला.

आता सगळ्यात पटणारा आणि म्हणूनच सगळ्यात घातक मुद्दा: ‘पाणी समुद्रात निघून जाईल.’ जाईल ना. प्रश्न आहे तो कुठून आणि किती वेळात जाईल याचा. डोंगराळ बेटावर समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, गार होते आणि तिथेच रिती होते. म्हणजे सर्वाधिक पाऊस सर्वाधिक उतारावर पडतो. तिथून किनारा काही किलोमीटरवर. फक्त १० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यात ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ३०० कोटी लिटर पाणी होतं. आणि ते एका अरुंद घळीतून खाली येतं. मोठ्या नदीला पूर चढायला दिवस लागतात, इथे तासाभरातही काम होतं.

त्यात नुसतं पाणी नसतं. सुटलेली माती, दगड, मुळासकट उपटलेली झाडं असतात. एखादं मोठं खोड रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी आडवं बसतं, त्यामागे फांद्या आणि गाळ अडकतो, आणि बघता बघता त्या मोरीचा बंधारा होतो. पाणी रस्त्यावरून वाट काढतं, नाहीतर तो अडसर फुटून एकदम लोंढा सुटतो. खाली नदीच्या मुखापाशी भरतीची वेळ असेल, लाटा चढलेल्या असतील, तर समुद्रही पाणी घ्यायला तयार नसतो. आणि गाव बहुतेक वेळा नेमकं तिथेच, मुखाजवळच्या सपाट पट्टीवर वसलेलं असतं. बेटावर सपाट जागा असते तरी किती?

फिलिपिन्समधल्या लेते बेटावरच्या ओर्मोक शहरात ५ नोव्हेंबर १९९१ रोजी हेच घडलं. थेल्मा हे वाऱ्याच्या हिशेबात किरकोळ वादळ. डोंगरातून आलेला लोंढा काही तासांत शहरातून गेला आणि ५ हजारांच्या आसपास माणसं मेली. नदीच्या वळणातली इस्ला व्हेर्दे ही वस्ती जवळपास पुसली गेली. पाणी समुद्रातच गेलं होतं, वस्ती सोबत घेऊन.

सपाट प्रवाळबेटांची गोष्ट निराळी. तिथे नद्याच नसतात, त्यामुळे डोंगरी पूर नाही. पण लाटा बेटावर चढल्या तर जमिनीखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर खारट होतो, आणि विहिरी पुन्हा पिण्यालायक व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात.

राहिला ‘पाऊस थांबला की संपलं’. भिजून जड झालेला उतार पाऊस थांबल्यावरही खाली येतो, आणि वरच्या खोऱ्यातलं पाणी अजून वाटेत असू शकतं. आजार तर नंतरच येतात. सप्टेंबर २००९ मध्ये केत्साना वादळानं मनिला परिसरात २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पाडला. पुढच्या आठवड्यांत तिथे लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पसरली. उंदरांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यातून पायावरच्या जखमांवाटे शरीरात शिरतात, आणि लक्षणं दिसायला काही दिवसांपासून महिनाभरापर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना तापाच्या आधी त्या पाण्याबद्दल सांगावं.