बेस आवडतो म्हणून कुणी ओशाळायचं कारण नाही

आज दुपारी डबा खाताना जे डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आमच्या टीममध्ये एक मुलगी नवीन आलीये. पहिल्या पगारातून स्वतःसाठी चांगले हेडफोन घ्यायचं तिच्या मनात आहे. हिप-हॉप ऐकते, टेक्नो ऐकते, गावाकडच्या जत्रेतली हलगी तिला आवडते. तिनं मला सरळ विचारलं, "ताई, बेस दणदणीत पाहिजे. कुठले घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून एक सीनियर बोलले, "बेस हा संगीत न कळणाऱ्यांचा नाद आहे. ओपन-बॅक घे, कान तयार होतील." (बेस म्हणजे गाण्यातला खालचा, भारदस्त आवाज; ओपन-बॅक म्हणजे ज्यांचे कप मागून मोकळे असतात ते हेडफोन.) ती पोरगी ओशाळली. "नाही सर, म्हणजे थोडासाच बेस," असं पुटपुटली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

मला इतका राग आला की घास गिळवेना. स्वतःच्या कष्टाच्या पैशातून स्वतःच्या आवडीची वस्तू घेताना कुणाला मान खाली घालायला लावायची, हा कुठला रसिकपणा? तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते ना? ती काढून टाका आणि लावा सूर. पहाटे उठून खर्जाचा रियाज करणारे गवय्ये काय संगीत न कळणारे होते? डग्ग्यावर मनगट सरकवून घिस्सा काढतात तेव्हा मान डोलावणारी हीच माणसं, आणि तोच खालचा आवाज एखाद्या पोरीला तिच्या गाण्यात हवा झाला की तिला नाकं मुरडायची!

माझ्या अण्णांची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते नीट सांगता येणार नाही.

अण्णा गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. डोळे दाखवायला पुण्याला आले होते, तेव्हा संध्याकाळी मी माझे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले आणि एका अभंगाचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावलं. गळा सुरेख, टाळ सुरेख, पेटी सुरेख. अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण धूम कुठं गेला?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पखवाजाची डावी बाजू म्हणजे धूम. तिच्यावर भिजवलेली कणीक थापतात, त्याशिवाय तो भारदस्त आवाज निघत नाही. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. ज्या माणसानं जन्मभर हे केलंय त्याला धूम गायब झालेला कळणारच. त्यांनी डावा कप तळहातानं कानावर दाबला. "आला." हात सोडला. "गेला." पुन्हा दाबला. "आला बघ." मग मी पाहिलं, त्यांच्या चष्म्याची जाड प्लास्टिकची काडी गादीखालून जात होती आणि तिथं फट पडली होती. चष्मा काढला, कप नीट बसवला, आणि अण्णा डोळे मिटून मांडीवर ठेका धरायला लागले.

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कप असलेल्या हेडफोनचं सगळं शास्त्र त्या आला-गेलामध्ये आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका लहान, तितका आवाज खालचा. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. मोकळ्या हवेत तेवढा आवाज उभा करायला मोठा स्पीकर लागतो, भरपूर हवा ढकलावी लागते. हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा केवढासा! तरी तो तुम्हाला ३० हर्ट्झ ऐकवू शकतो, कारण कान आणि पडदा यांच्यामध्ये तो एक बंद खोली करतो आणि त्या एवढ्याशा हवेवर दाब टाकतो. खोलीला फट पडली की दाब निसटतो. वरचे सूर फारसे बिघडत नाहीत, शब्द नीट कळतात, टाळ वाजत राहतात. पहिला जातो तो बेस, आणि त्यातही सगळ्यात खालचा. चष्म्याची काडी, झुमके, कानावर आलेले दाट केस, जबड्यापाशी न टेकणारी गादी, कशानंही हे होतं. तेच हेडफोन एकाच्या डोक्यावर गडगडतात आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पत्र्यासारखे वाजतात, ते याच्यामुळे.

आणि हे सोडून जाहिराती काय सांगतात? खोक्यावर मोठ्या अक्षरात "४० मिमी ड्रायव्हर", "५० मिमी ड्रायव्हर", "एक्स्ट्रा बेस". ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा तो पडद्याचा भाग, मोठा म्हणजे बेस जास्त, असं अजिबात नाही. कपाची रचना, आतली हवा, पडदा कसा बांधलाय आणि सील होतंय का, म्हणजे गादी फट न ठेवता बसते का, यावर ते ठरतं. "२० ते २०,००० हर्ट्झ" हे तर सगळ्यांच्याच खोक्यावर असतं. माणसाचा कान साधारण तेवढंच ऐकतो, म्हणून तो आकडा लिहायचा. त्या २० हर्ट्झला आवाज बाकीच्यापेक्षा किती डेसिबलनं (आवाजाच्या जोराचं माप) पडलाय ते लिहिल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. आणि ते लिहीत नाहीत. गरीब घरातल्या पोरांचे दोन-तीन हजार रुपये असे खोक्यावरच्या अक्षरांवर जातात, याची मला खरंच चीड येते.

वर या स्वस्त "बेसवाल्या" हेडफोनमध्ये बहुतेक वेळा फुगवलेलं काय असतं? १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा. तो फुगवला की पहिल्या मिनिटाला दुकानात भारी वाटतं. घरी येऊन अर्धा तास ऐका. गाणाऱ्याचा गळा गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, आणि खरा तळाचा बेस, ३० ते ६० हर्ट्झचा, तो नसतोच. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते. हिप-हॉपमध्ये ज्याला एट-ओ-एट म्हणतात तो लांब घुमणारा बेस १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्राच्या बेस ड्रमवरून आला. तो ऐकायचा असेल तर तळ पाहिजे, मधली सूज नको. आमच्या अण्णांना एक शब्दही इंग्रजी तांत्रिक माहीत नाही. त्यांना मी नंतर तसला एक फुगवलेला हेडफोन मुद्दाम ऐकवला. म्हणाले, "ह्यात कणीक लई झाली." धूम घुमतो पण बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं ते लिहिते, कारण सीनियर उठून गेल्यावर आम्ही दोघी जिन्यात उभं राहून बोललो.

पाच आकडी बजेट जमत असेल तर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो डोक्यावर घालून बघ. मऊ गाद्या, कान पूर्ण आत जातात, तळाचा बेस भरपूर. वरचे सूर थोडे टोचतात, झांजा अंगावर येतात, हे खरं. पण ३२, ८० आणि २५० ओहम (विजेचा रोध) अशी तीन रूपं मिळतात, त्यात २५० च्या नादाला लागू नकोस. फोनवर तो दबलेला वाजतो, त्याला वेगळा अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर, लागतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, फोनला वायर जोडायचं साधं डोंगल लावलं तरी मोकळा वाजतो, घडी होतो, वायर सुटी होते. त्याच्या गाद्या रेक्झिनसारख्या आहेत, आपल्या दमट हवेत कालांतरानं पोपडे निघतात. पण बदलता येतात, आणि गाद्या बदलता येणं ही बेसवाल्यांसाठी पहिली अट समज. गादी चपटी झाली की सील गेलं, सील गेलं की धूम गेला. सेनहायझरचा एचडी २५ डीजे लोकांचा लाडका. तो कानावर बसतो, कानाभोवती नाही. बेस ठोस आहे, पण चष्मा असेल तर तासाभरात कानाची पाळी दुखते. तू चष्मा लावतेस, तर विचार कर.

वायरलेसच हवा असेल तर त्यातही मला वावगं वाटत नाही. चांगल्या नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट पुसणाऱ्या हेडफोनमध्ये कपाच्या आत माइक असतो आणि त्यातले काही त्यावरून मोजून निसटलेला बेस भरून काढतात. चष्मेवाल्यांना त्याचा फायदा होतो. शिवाय बसच्या इंजिनची, एसीची, लोकलची घरघर खालच्याच पट्ट्यात असते आणि ती तुमच्या बेसला झाकून टाकते. नॉइज कॅन्सलिंग नेमकं तिथंच सगळ्यात चांगलं काम करतं.

आणि दुकानात गेलीस की माझ्या अण्णांनी केलं ते कर. रोजचं, पाठ असलेलं गाणं लाव. दोन्ही कप तळहातानं हलके दाब, सोड. बेस एकदम उडी मारून वाढला तर तो हेडफोन तुझ्या डोक्यासाठी नाही, विक्रेता काहीही सांगो. चष्मा घालून, रोजचे कानातले घालूनच बघ.

मग इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा हवा तो पट्टा कमी-जास्त करायची सोय. याला काहीजण पाप समजतात. का बुवा? सील चांगलं असेल तर १०० हर्ट्झच्या खाली चार-पाच डेसिबल वाढवायचे आणि तेवढाच एकूण आवाज खाली घ्यायचा, म्हणजे आवाज फाटत नाही. स्पॉटिफायमध्ये इक्वलायझर आहे, विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. हारमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना बसवून प्रयोग केले, तेव्हाही सपाट बेसपेक्षा थोडा वाढवलेला बेसच बहुतेकांना आवडला. बेस आवडणं हा कुठला विकार नाही!

ओपन-बॅकमध्ये आवाज मोकळा येतो, वाद्यं लांब-रुंद पसरलेली वाटतात, आणि मे महिन्यात कान उकडत नाहीत. मान्य. पण कपाला मागून जाळी आहे म्हणजे आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपल्यात, खाली रस्त्यावर हॉर्न, आणि बहुतेक ओपन-बॅकचा तळ तसाही उतरलेला. सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ पासून नावाजलेला, गळ्यासाठी अप्रतिम. पण ज्या मुलीला टेक्नो ऐकायचंय तिला तो घे म्हणणं म्हणजे तिचं ऐकून न घेणं. आणि सबवूफर, म्हणजे खास बेससाठीचा स्पीकर म्हणाल, तर सोसायटीत बेस भिंती ओलांडून तिसऱ्या घरात जातो. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी म्हाताऱ्यांचे काय हाल होतात ते मी पाहिलंय, त्याची बाजू मी कधी घेणार नाही. म्हणूनच तर म्हणते, ज्याला बेसची ओढ आहे आणि शेजाऱ्याची चाडही आहे, त्यानं क्लोज्ड-बॅक नाही घ्यायचा तर काय घ्यायचं?

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. आता एक गोष्ट काळजीनं सांगते.

अण्णांनी त्या संध्याकाळी हेडफोन काढताना आणखी एक म्हटलं होतं. "वाजतंय झकास, पण पखवाजाला बसलं की मांडीला कळतं. इथं मांडीला कळंना." बरोबर आहे त्यांचं. हेडफोनमधला बेस कानापुरता असतो, छातीत आणि पोटात तो येत नाही. ती उणीव भरायला पोरं आवाज वाढवत जातात. त्यात हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, त्यामुळे वाढवला की गाणं भरल्यासारखं वाटतं, आणि बोट पुन्हा त्याच बटणावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितलीये, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. गेलेले कान परत येत नाहीत. बेस हवा तर बेस वाढवा, सगळा आवाज नको. बाहेरचा गोंगाट सीलनं अडवला की कमी आवाजातही धूम बोलतो. आणि रस्त्यावर चालताना, गाडीवर, कृपा करून घालू नका.

त्या मुलीला उद्या मी माझे दोन्ही हेडफोन ऑफिसात नेऊन देणार आहे, आठवडाभर वापर म्हणून. पुण्यात आणखी कुणाला घेण्याआधी ऐकून बघायचे असतील तर मला मेसेज करा, शनिवारी संध्याकाळी घरी या. आपली गाणी घेऊन या, कुठलीही चालतील. आणि ते सीनियर ही पोस्ट वाचत असतील तर सर, तुम्हीही या. अण्णा पुढच्या महिन्यात पुन्हा येतायत, या वेळी पखवाज घेऊन.