राक्षस इतका गुणी कशाला?

दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकांतले राक्षस हल्ली फारच सोज्वळ झालेत. गोल पोट, गुलाबी गाल, तोंडात एक धड सुळा नाही आणि वर मुलांना दात घासायचा उपदेश! ज्याला बघून पोटात थोडंसुद्धा गलबलत नाही, त्याला पळवून लावण्यात मजा ती काय?

एड एम्बर्ली यांचं १९९२ सालचं ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ बघा. पानांना भोकं पाडलेली आहेत. आधी काळ्या पानावर नुसते दोन पिवळे डोळे. पान उलटलं की नाक, मग लाल तोंड आणि पांढरे टोकदार दात, कान, केस. बघता बघता अख्खा हिरवा चेहरा तयार. पुढे मूल एकेकाला हाकलत जातं आणि शेवटी उरतं काळं पान. आमच्या घरी ‘ज्जा!’ म्हणायचा मान लेकीचा. सगळा राक्षस घालवला की ती लगेच पहिलं पान काढते. त्याला परत बोलवायचं असतं ना!

आपल्या बागुलबुवाचं नेमकं उलटं. त्याला मोठी माणसं बोलावतात, तेही जेवण संपवून घ्यायला किंवा झोपवायला. बाळाच्या हातात काहीच नाही.

मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मधल्या अक्राळविक्राळ प्राण्यांचं मूळ तर घरातच होतं. सेंडाक यांच्या लहानपणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या घरी रविवारी येणारे, गालगुच्चे घेणारे, ‘खाऊनच टाकतो तुला’ म्हणणारे नातेवाईक! (असे काका-मामा आपल्याकडेही कमी नाहीत.) पुस्तकातला छोटा मॅक्स या प्राण्यांच्या पिवळ्या डोळ्यांत पापणी न लववता बघतो आणि त्यांचा राजा होतो. बालमानसतज्ज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी या पुस्तकावर टीका केली होती, तीही न वाचता. पुस्तकाला मात्र १९६४ मध्येच कॅल्डिकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं होतं.

एखादं मूल खरंच घाबरतं, हे मान्य. मग पुस्तक मिटायचं. पण तेही त्यालाच मिटू द्यावं.

मला मराठीत वेताळाची पालखी हवी आहे, जाड पुठ्ठ्याच्या पानांवर. अमावस्येची रात्र, पलिते, प्रत्येक पानावर एक भूत वाढत जाणारं. मग मुलानं दटावून एकेकाला घरी पिटाळायचं. कुणी चित्रकार मनावर घेणार असेल, तर पहिली प्रत माझी.