सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आत्याचा त्रास खोटा ठरत नाही

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "म्हणजे माझं मनाचंच आहे गं." मेसेज असा: 'खोकताना, शिंकताना लघवी सुटते? सोनोग्राफी करा, सगळं कळतं. रिपोर्ट नॉर्मल असेल तर तो वयाचा आणि मनाचा भाग. पाणी कमी प्या. तरी थांबलं नाही तर गर्भपिशवी काढून टाका.' आत्याची ती एक ओळ वाचून राहवलं नाही.

तिची सोनोग्राफी गेल्या महिन्यात झाली. पाणी पिऊन लघवी भरू द्या म्हणाले आणि पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. जिला लघवी धरवत नाही, तिला! नंबर लागेपर्यंत परकर ओला झाला होता. पिशवीतला नॅपकिन खाली घेऊन ती तशीच बसून राहिली, कुणाला सांगायची सोय नव्हती. मग टेबलावर आडवं करून हलू नका, श्वास धरा. रिपोर्ट: मूत्राशय नॉर्मल.

आत्याची लघवी सुटते ती उभ्याने खोकताना, हंडा उचलताना. त्या क्षणी पोटात एकदम दाब येतो आणि बाळंतपणांनी, पाळी गेल्यानंतर सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूत्रमार्ग आवळून धरू शकत नाहीत. गपगार आडव्या पडलेल्या बाईच्या पोटावरून प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) फिरवून हे कसं दिसणार? काहींना खोकल्याने नाही, तर अचानक घाई होऊन संडास गाठेपर्यंत सुटते. तिथेही मूत्राशय दिसायला चांगलंच असू शकतं. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत दिसण्यासारखं काही सापडलं नाही. बाई खोटं बोलतेय, असा नाही.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या, उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेची 2019 ची मार्गदर्शिका तर स्वच्छ सांगते: बायकांच्या या तक्रारीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे मोजण्यापलीकडे सोनोग्राफी वापरू नका. आधी नीट विचारपूस, लघवीची तपासणी, डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणं आणि कधी काय प्यायलं, कधी लघवीला गेलं, कधी सुटली याची किमान तीन दिवसांची नोंद.

एक मान्य करते. योनिमुखाशी प्रोब ठेवून केलेल्या सोनोग्राफीत जोर केल्यावर मूत्राशयाची मान, म्हणजे जिथून मूत्रमार्ग सुरू होतो तो भाग, किती खाली सरकते ते दिसतं, लघवी सुटू नये म्हणून ऑपरेशनमध्ये बसवलेली जाळीची पट्टीही दिसते. जाणकाराच्या हातात ती उपयोगी आहे. लघवीतून रक्त जात असेल तर साधी सोनोग्राफीही लागतेच. पण 'सगळं कळतं'? नाही.

पाणी तोडू नका, लघवी दाट होऊन जळजळ वाढते. चहा-कॉफी कमी करा, ते ठीक. आणि गर्भपिशवी काढणं हा या त्रासावरचा उपाय नाही. लघवी धरून ठेवणारे स्नायू वेगळे आहेत.

खोकताना सुटत असेल तर पहिला उपाय तळाच्या स्नायूंचा व्यायाम, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली निदान तीन महिने. रोज तीन वेळा, दर वेळी किमान आठदा आवळायचं. घाईच्या त्रासाला लघवी थोडी थोडी लांबवायची सवय, निदान सहा आठवडे.

आत्याने कालपासून कॅलेंडरच्या मागे लिहायला घेतलंय: सकाळी सहा, चहा. साडेसहा, गेले. सात दहा, शिंक आली, थोडी सुटली. शुक्रवारी हाच कागद घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहोत.