आयर्लंडचा साडेबारा टक्के कर संपलेला नाही

‘आयर्लंडने १२.५ टक्क्यांचा कंपनी कर गुंडाळला, आता सरसकट १५ टक्के’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. किमान १५ टक्क्यांचा नियम २०२४पासून लागू झाला, पण वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त असलेल्या बड्या समूहांनाच. तीही मागच्या चारपैकी निदान दोन वर्षांत हवी. बाकीच्यांच्या धंद्यातल्या नफ्यावर १२.५ टक्केच. (भाडं, व्याज अशा उत्पन्नावर २५ टक्के आधीपासूनच आहे, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.) २०१०मध्ये बँका बुडायला आल्या, युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले, फ्रान्स-जर्मनीने दर वाढवायला दबाव आणला, तरी डब्लिनने तो हलू दिला नव्हता.